म्हशीचा उजवा स्पीकर

४ फेब्रुवारी, मंगळवार

भोक सापडलं! पण त्यात जाईल अशी पिन घरात नाही, कोपऱ्यावरच्या दुकानात नाही, आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरून पाहता जगात नाही.

भोक म्हशीचं आहे. म्हैस म्हणजे हिची मोटरसायकल. लांबच्या प्रवासाची. दोन्ही बाजूंना पेट्या, मागे मला टेकायला पाठ, पुढे काचेखाली स्टिरिओ आणि त्याच्या दोन अंगांना दोन स्पीकर. नाव खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ठेवलं. 'अहो, तुमची म्हैस जरा सरकवा, माझी स्कूटर निघत नाही.' तेव्हापासून म्हैसच. ही चालवते, मी मागे बसतो. मला चालवता येत नाही आणि या वयात शिकायची हौस नाही. लोक हसतात. हसोत.

हुकूम सकाळी निघाला, चहाचा कप विसळता विसळता. 'अहो, माझा तो छोटा प्लेअर गाडीच्या स्टिरिओला जोडून द्या. निघायच्या आत.'

निघायचं एक मार्चला. लेकीकडे, डोंगरापलीकडे, दोन दिवसांचा रस्ता. नात झाली, रांगायला लागली, आणि आजीने तिला अजून फोनच्या काचेतूनच पाहिलंय. ही शाळेत खेळाची शिक्षिका. डिसेंबरात निवृत्त झाली आणि त्याच दिवशी जाहीर केलं — नातीकडे जाईन तर म्हशीवरून! लेक फोनवर किंचाळली. 'आई, ट्रेन नावाची गोष्ट असते!' दोघी एकाच मातीच्या. शेवटी मी मध्ये पडून तह घडवला. गाडीत काही खोट निघाली तर ट्रेन. नाही निघाली तर म्हैस.

'पण गाणी नसली म्हणून काय बिघडलं?' मी विचारलं.

'सरळ रस्त्यावर मला पेंग येते. गेल्या वर्षी आली होती, विसरलात?'

विसरतोय कसला. मागे मीच होतो.

'गाणी नाहीत तर मी म्हशीवरून जात नाही,' ही म्हणाली. आणि हात पुसून बाहेर निघून गेली. म्हणजे आता नातीचं सगळं माझ्या वायरीवर आलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

मेहुणा आला. हिचा धाकटा भाऊ. या वहीत त्याला मी तज्ज्ञ म्हणतो, तोंडावर नाही. 'भावजी, दहा मिनिटांचं काम आहे.' त्याने आमचा गीझरही दहा मिनिटांत दुरुस्त केला होता. पुढचा आठवडा आम्ही गार पाण्याने आंघोळी केल्या.

डाव्या पेटीच्या झाकणाआड गोल सॉकेट आहे, आत पाच छिद्रं. प्लेअरला हेडफोनचं एक बारीक भोक. दोघांना जोडणारी एक खास वायर मिळते, म्हणे. तज्ज्ञाने फोनवर मागवली. दोन दिवसांत येईल. मी खुर्चीत बसून 'छान' म्हणालो. एवढंच माझं योगदान.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वायर आली. सॉकेटला भोकं, वायरलाही भोकं.

भोकाला भोक! तज्ज्ञ म्हणतो, 'चित्रात पिना दिसत होत्या.' चित्रात मीसुद्धा तरुण दिसतो.

८ फेब्रुवारी, शनिवार

दुसरी वायर बाजारातून आणली, स्वतः जाऊन, सॉकेटचा फोटो दाखवून. बसली! आवाज शून्य.

तज्ज्ञाने पुढचं कवच खोललं. सगळे स्क्रू माझ्या ओंजळीत. वायर या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. सकाळ गेली. काकू दोनदा येऊन बघून गेल्या. 'कापली का म्हैस?' तज्ज्ञ घामाघूम. ही दारात उभी राहून गळ्यात शिट्टी असल्यासारखी बघत होती. तिच्या बघण्यातही शिट्टी असते. मग पुढे आली, प्लेअर उचलला आणि त्याचाच आवाज वाढवला.

तो शून्यावर होता.

गाणं खणखणीत सुरू झालं. कवच बसवल्यावर एक स्क्रू उरला. तज्ज्ञ म्हणाला, 'कंपनी एखादा जास्तच देते.'

१० फेब्रुवारी, सोमवार

गाणं लागतंय, पण त्यात डास शिरलाय. प्लेअर गाडीवरच चार्जिंगला लावला की घूंऽऽ. ॲक्सिलरेटर पिळला की डास चिडतो. चार्जिंग काढलं की डास जातो, पण मग प्लेअर दुपारीच मान टाकतो. दोन दिवसांचा रस्ता, म्हणजे दीड दिवस पेंग.

'भावजी, हा अर्थिंगचा प्रॉब्लेम आहे,' तज्ज्ञ म्हणाला. अर्थिंग हा शब्द उच्चारल्यावर त्याला पुढे काही सुचलं नाही.

आगीतून फुफाट्यात. परवा साउंडवाल्याकडे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

साउंडवाला म्हणजे पुलाजवळचा, गाड्यांना स्टिरिओ बसवणारा. गळ्यात वायरींना गुंडाळायची टेप, तोंडात 'टेन्शन नका घेऊ'. हे वाक्य तो इतक्यांदा म्हणतो की माणसाला टेन्शन येतं. पण त्याने वायरीच्या मध्ये एक काडेपेटीएवढी डबी बसवली आणि डास मेला. खरोखर मेला! मी त्याच्याशी हात मिळवला. हिने हेल्मेट चढवलं आणि पुलापलीकडे चक्कर मारून आली.

मी विजयी मुद्रेने उभा.

'उजवा बंद आहे,' ही म्हणाली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

लेखाचा दिवस. पेपरला खड्ड्यांवर लिहून पाठवलं. विषय सुचत नसला की खड्डे. कधी दगा देत नाहीत.

उजवा बंद.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

मी दुकानाबाहेर स्टँडवरच्या म्हशीवर पुढे बसलो. इंजिन चालू, गाणं चालू. डावा वाजतोय. उजवा वाजतोय. साउंडवाला उजव्यावर तळहात ठेवून म्हणाला, 'साहेब, हात लावून बघा, थरथरतोय.' थरथरत होता.

ही बसली. 'डावीकडूनच येतंय सगळं.'

'मॅडम, तुम्ही चक्कर मारली तेव्हा लूज झालं असेल. आम्ही मारून बघतो.' तो गेला, आला. 'दोन्ही ओके. टेन्शन नका घेऊ.'

'याच्या कानात बोळे आहेत,' ही मला म्हणाली. हळू म्हणायचा तिचा विचार असावा. रस्त्यापलीकडच्या पंक्चरवाल्याने वर पाहिलं.

साउंडवाल्याचा चेहरा पडला. मी मधल्या मध्ये 'बघू, बघू' करत राहिलो. आयुष्यभर पेपरात हेच केलं — भांडणाऱ्या दोघांची वाक्यं छाटून एका कॉलमात बसवणं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मोठ्या रस्त्यावर चाचणी. मी मागे, डोळे आणि कान दोन्ही उघडे. मागून मला काय कळणार? वारा, इंजिन, हिचं हेल्मेट, आणि या सगळ्याच्या पलीकडे कुणीतरी गातंय. उजवा की डावा, परमेश्वराला ठाऊक.

टोलनाक्याच्या पुढे एक ट्रक उजवीकडून अगदी खेटून गेला. केव्हाचा हॉर्न मारत होता. ही एकदम दचकली, गाडी डावीकडे झुकली, माझा जीव पाठीच्या टेकूत रुतला. चहाच्या टपरीवर थांबलो.

'सांगायचं नाही का, ट्रक येतोय म्हणून!'

'अगं, हॉर्न वाजवतच आला की तो!'

'तुम्ही मागे बसून करता काय?'

मी मागे बसून जिवंत राहतो, हे उत्तर मनात आलं. चहाबरोबर गिळलं. ही चहा न पिताच कप हातात धरून रस्त्याकडे बघत बसली होती.

१६ फेब्रुवारी, रविवार

तज्ज्ञ जेवायला. जेवताना माझ्यावर खटला.

'ताई, मला वाटतं भावजींनाच जायचं नाहीये. तेच काहीतरी करतात वायरीला. उंदरासारखं.'

'मी? मला साधी पिन ओळखता येत नाही!'

'हेच ते. इतकं अडाणी कुणी खरंच नसतं.'

ही हसली नाही. एरवी माझी टिंगल चालली की हिला दुप्पट भूक लागते. तज्ज्ञाने पुन्हा प्रयत्न केला — 'ताई, उजवा गेला तर गेला, डाव्यावर जा. गाणं तेच असतं.'

'अर्धं नाही ऐकायचं मला,' ही म्हणाली. ताट उचलून आत गेली.

तज्ज्ञ माझ्याकडे बघून पुटपुटला, 'हिला काय झालंय?' मी खांदे उडवले. निवृत्तीचा परिणाम, म्हणालो. फार शहाणपणाने म्हणालो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आता हातघाईवर आलोय. माझ्या डोक्यातून एक कल्पना निघाली, आणि तिचा मला अभिमान आहे. साउंडवाल्याला म्हटलं, दोन्ही स्पीकरच्या वायरी आपसांत बदल. उजव्याची डाव्याला, डाव्याची उजव्याला. वायरीत खोट असेल तर ती आता डावीकडे जाईल. चोर कपडे बदलेल, पण चोर कळेल!

साउंडवाला म्हणाला, 'साहेब, दोन्ही वाजतायत, मी कितीदा सांगू?' पण बदलल्या. हिने चक्कर मारली.

'उजवा बंद.'

'डावा म्हणायचंय का तुला?'

'उजवा. मला माझा उजवा हात कळतो.' मुलांना डावं-उजवं करायला लावण्यातच हिची नोकरी गेली.

म्हणजे वायर निर्दोष सुटली. स्पीकरच चोर. उद्या तो बदलू.

मीही कधी नव्हे ते शिट्टी वाजवत जिना चढलो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

स्पीकरची अदलाबदल. उजवा काढून डावीकडे, डावा उजवीकडे. साउंडवाल्याने सकाळपासून दुसरं गिऱ्हाईक घेतलं नाही आणि आता तो 'टेन्शन नका घेऊ' म्हणत नाही. त्याने स्वतः घेतलंय.

ही बसली. गाणं लागलं. ही समोर बघत राहिली. मी म्हटलं, 'काय?'

'उजवा.'

'उजवा काय?'

'बंद.'

आणि माझा तोल गेला. मी सहसा चिडत नाही. पानं छपाईला जायच्या वेळी पहिलं पान बदलावं लागलं तेव्हाही चिडलो नव्हतो. आज भर रस्त्यात म्हणालो, 'वायर बदलली, स्पीकर बदलला, तरी तुझं तेच! तुला जायचंच नसेल तर सरळ सांग की. रस्त्याची भीती वाटतेय, म्हण. त्या बिचाऱ्याच्या पोटावर कशाला पाय देतेस?'

माझं बोलणं ऐकायला हिने मान फिरवली. संपूर्ण फिरवली, डावा गाल पुढे येईपर्यंत. साउंडवाला पान्याने दुसराच कुठला तरी नट पिळत बसला.

घरी येईपर्यंत गाणं बंद होतं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

लेख गेला नाही. उद्या सकाळी देतो म्हणून फोन केला. संपादक म्हणाला, 'तब्येत बरी आहे ना?' लेख चुकला म्हणजे मी आजारीच असणार, अशी माझी ख्याती.

वायर बदलली. स्पीकर बदलला. दोन्ही बाजू बदलल्या. आता बदलायचं राहिलं काय?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी प्लेअर घेऊन गेलो, माझे हेडफोन लावले. 'जरा ऐक.'

'आता काय?'

'ऐक तर. म्हैस नाही, काही नाही. नुसता प्लेअर.'

तिने डोक्यावर चढवले. ऐकलं.

'उजवीकडून?' मी तिच्यासमोर उभा राहून, तोंड मोठं करून विचारलं.

मान हलवली. नाही.

मी हेडफोन काढले, उलटे केले, डावं उजव्यावर आणि उजवं डाव्यावर, आणि पुन्हा चढवले. गाणं बाहेर बारीक ऐकू येत होतं, मलाही.

'आता?'

ती बराच वेळ ऐकत राहिली. कडव्यामागून कडवं. मग हेडफोन स्वतःच काढले आणि नीट गुंडाळले, वायर वेढे देऊन.

'बरं,' म्हणाली. उरलेल्या घड्या घातल्या.

मी तिथेच उभा. काल-परवा भर रस्त्यात काय बोललो ते आठवत. माफी मागायची तर कुठल्या बाजूने मागायची, हेही आता बघावं लागणार.

२२ फेब्रुवारी, शनिवार

कानाच्या डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली. तज्ज्ञाला सांगितलं. त्याने दहा मिनिटांचं काम आहे असं म्हटलं नाही. 'ताईला द्या फोन,' म्हणाला, मग म्हणाला, 'नको, मीच येतो.' आला, आणि दोघं गॅलरीत बसून शेजारच्या बांधकामाबद्दल बोलत राहिली. तो न सांगता तिच्या डावीकडे जाऊन बसला होता. त्याच्याबद्दल या वहीत जे जे लिहिलं त्यातलं निम्मं मागे. गीझरचं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काचेची खोली. ही आत, कानांवर मोठे हेडफोन, हातात बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी बाहेर बाकावर, काचेतून माझं सगळं लक्ष तिच्या अंगठ्यावर होतं. आधी डावा कान. अंगठा सारखा हलत होता — टक, टक, टक. वर्गात पहिल्या बाकावरचा विद्यार्थी असावा तसा. मग यंत्रावरच्या बाईंनी एक कळ फिरवली.

अंगठा थांबला.

बाई कळ पुढे, पुढे सरकवत राहिल्या. ही समोर बघत होती, अंगठा बटणावर तयार ठेवून. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.

डॉक्टर सौम्य. कानाची नस आहे, म्हणाले. कधी कधी असं अचानक होतं, कारण सापडेलच असं नाही. गोळ्या सुरू करू, दोन आठवड्यांनी पुन्हा तपासू. थोडं परत येईल, कदाचित. लगेच आला असता तर शक्यता जास्त होती.

'कधीपासून आहे?'

'नीट लक्षात नाही,' ही म्हणाली.

जिला प्रत्येक विद्यार्थ्याची उडी कुठल्या साली किती होती ते पाठ आहे, तिला नीट लक्षात नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. 'स्पीकर दुरुस्त करत होतो आम्ही,' मी म्हणालो. मूर्खासारखं. त्यांना काय कळणार.

पुढची तपासणी होईपर्यंत मोठ्या रस्त्यावर मोटरसायकल नको. ट्रेनने जायला हरकत नाही.

बाहेर येऊन ही सवयीने हेल्मेट शोधायला लागली. आज रिक्षाने गेलो होतो.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

साउंडवाल्याकडे जाऊन आलो. मी म्हटलं, तुझं काम चोख होतं. कारण सांगितलं. त्याने गळ्यातली टेप काढली आणि काही वेळ तिच्याशीच खेळत राहिला. मग म्हणाला, 'मॅडमना सांगा, स्पीकर परत ज्याच्या त्याच्या जागी लावून देतो.'

लेकीला अजून कळवलेलं नाही. ती तहाचं कलम काढेल आणि स्वतःच जिंकल्यासारखी ओरडेल. आधी ट्रेनचं बघावं. चार दिवसांवर आलंय, आता जागा कुठली मिळायला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी म्हटलं, स्टेशनवर जाऊन येतो, मिळतायत का बघतो.

'नका जाऊ. आहेत तिकिटं. एक तारखेचीच.'

'कधी काढलीस?'

'तुम्हाला प्लेअर जोडायला सांगितला ना, त्याच दिवशी दुपारी.' ती गोळीचं पाकीट फोडत होती. 'हेडफोनवर एकाच बाजूने येत होतं. उलटे करूनही बघितले होते मी. म्हटलं, मोठ्या स्पीकरवर येईल.'

मी डावीकडे जाऊन बसलो. पाण्याचा पेला पुढे केला.

गोळी घेतली. मग म्हणाली, 'आलं असतं तर रद्द केली असती.'